‘कृपेवर कृपा’ की ‘कृपेच्या जागी कृपा’? नव्या करारातले ‘अन्ति’ हे ग्रीक अव्यय

रानजाई (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी,

गेली दोन वर्षे दर शनिवारी मी ग्रीक शिकते आहे. प्लेटोची नव्हे, नव्या करारातली, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागातली. पहिल्या शतकात बाजारात, बंदरावर, छावणीत बोलली जायची ती ‘कोइने’, म्हणजे सर्वांची ग्रीक. नामांची, क्रियापदांची रूपे घोकून पाठ झाली. अडते आहे ती चिमुकल्या अव्ययांशी. त्यातल्या एकाने महिनाभर डोक्यात घर केले आहे, म्हणून हा धागा.

नाताळच्या सकाळी योहानाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय मोठ्याने वाचायचा आमच्या घरचा रिवाज. आधी आजी वाचायची, आता आई वाचते. सोळाव्या वचनात शब्द येतात, ‘कृपेवर कृपा’. आजी तिथे क्षणभर थांबायची आणि माझ्या डोळ्यांपुढे सरीवर सर येणारा पाऊस उभा राहायचा. हे वचन पहिल्यांदा ग्रीकमध्ये उघडले तेव्हा मी त्यात ‘वर’ शोधत बसले. ‘वर’ तिथे नाहीच. मूळ शब्द आहेत ‘खारिन अन्ति खारितोस’. ‘खारिस’ म्हणजे कृपा. ‘खारिन’ ही तिची द्वितीया, ‘खारितोस’ ही षष्ठी. मधे बसले आहे ‘अन्ति’.

‘अन्ति’चा सर्वांत जुना अर्थ ‘समोर, तोंडासमोर’. दोन वस्तू समोरासमोर ठेवल्या की तुलना होते, तुलनेतून देवघेव, देवघेवीतून ‘याच्या जागी ते’. नव्या करारात हा शब्द सुटे अव्यय म्हणून फक्त २२ वेळा येतो. त्याचा जवळचा सोबती ‘ह्युपेर’, म्हणजे ‘साठी’, दीडशेच्या आसपास येतो. अर्थात एका संध्याकाळी वही घेऊन बसले आणि बावीसच्या बावीस जागा उतरवून काढल्या.

‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ (मत्तय ५:३८) इथे दोनदा. वाइटाची फेड वाइटाने करू नका, हे तीन पत्रांत मिळून चारदा: रोमकरांस १२:१७, पहिले थेस्सलनीकाकरांस ५:१५ आणि पहिले पेत्र ३:९, जिथे वाइटाबरोबर निंदेलाही निंदा नको असे म्हटले आहे. एका जेवणासाठी एसावाने आपला ज्येष्ठपणाचा हक्क विकला (इब्री १२:१६), तिथेही हेच. मुलाने मासा मागितला तर माशाऐवजी साप कोण बाप देईल (लूक ११:११). हेरोदाच्या जागी त्याचा मुलगा अर्खेलाव यहूदीयात राज्य करतो आहे हे ऐकून योसेफ घाबरला (मत्तय २:२२). ‘उद्या अमुक करू’ असे म्हणण्याऐवजी ‘प्रभूची इच्छा असेल तर’ म्हणा (याकोब ४:१५).

मग पाच जागी ‘अन्थ होन’ असा जोड येतो. शब्दशः ‘ज्यांच्या बदल्यात’, म्हणून ‘कारण’ किंवा ‘त्यामुळे’. जखऱ्याची वाचा गेली ती याच शब्दांनी: तू माझ्या शब्दांवर विश्वास ठेवला नाहीस, त्याबद्दल (लूक १:२०).

या सगळ्यांत कुठेही ‘वर’ नाही. थर नाही, रास नाही. मग एकट्या योहान १:१६ मध्ये ‘वर’ कसे आले? आणि ‘अन्ति’ला मराठीत नेमका शब्द कोणता?

कौमुदी

रानजाई, फार दिवसांनी असा धागा वाचला. मला ग्रीक येत नाही. संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले, तेवढ्या बळावर लिहितो.

तुमचा ‘अन्ति’ आम्हाला परका नाही. ऋग्वेदात ‘अन्ति’ हाच शब्द ‘जवळ, समोर’ या अर्थी येतो, आणि ‘अन्तिक’ तर पुढेही चालू राहिला. दोन्ही भाषांचे मूळ एकच. मात्र संस्कृतात ‘अन्ति’ जवळपणाशीच राहिला. देवघेवीचे काम दुसऱ्या शब्दाने उचलले, ते म्हणजे ‘प्रति’.

आणि इथे तुमच्या प्रश्नाला पाणिनी सरळ उत्तर देतो. अष्टाध्यायी १.४.९२: ‘प्रतिः प्रतिनिधिप्रतिदानयोः’. प्रतिनिधी म्हणजे एकाच्या जागी उभा राहिलेला दुसरा, प्रतिदान म्हणजे घेतलेल्याच्या बदल्यात दिलेले. या दोन अर्थी ‘प्रति’ला कर्मप्रवचनीय (नामाशी जोडून त्याची विभक्ती ठरवणारे अव्यय) ही संज्ञा मिळते, आणि २.३.११ प्रमाणे ज्याचा प्रतिनिधी किंवा ज्याचा मोबदला, त्याची पंचमी होते. उदाहरणे आम्ही विद्यार्थ्यांकडून घोकून घ्यायचो. ‘प्रद्युम्नः कृष्णात् प्रति’, प्रद्युम्न हा कृष्णाच्या जागी. ‘तिलेभ्यः प्रति यच्छति माषान्’, तिळांच्या बदल्यात उडीद देतो.

तुमच्या वहीतले अर्खेलाव आणि हेरोद घ्या, तो प्रतिनिधी. एसावाचे जेवण घ्या, ते प्रतिदान. तीळ आणि उडीद यांच्यामध्ये उभा असलेला तो ‘प्रति’ म्हणजेच तुमचा ‘अन्ति’.

रानजाई

सर, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या ग्रीक व्याकरणात पानेच्या पाने खर्चून जे सांगतात ते एका सूत्रात बसले आहे.

विभक्तीबद्दल एक जोडते. ‘अन्ति’ फक्त षष्ठी घेतो, दुसरी विभक्ती नाही. पण ग्रीकमध्ये जुनी पंचमी वेगळी उरलीच नाही, तिचे काम षष्ठीने स्वतःकडे घेतले. त्यामुळे पाणिनीची पंचमी आणि ग्रीकांची षष्ठी यांत दिसते तेवढे अंतर नाही.

संधीसुद्धा ओळखीचा वाटेल. पुढे स्वर आला की ‘अन्ति’चा शेवटचा इकार गळतो आणि ‘अन्त्’ उरतो. पुढच्या स्वराआधी हकार असेल तर त्याच्या शेजाराने ‘त’चा ‘थ’ होतो. म्हणून ‘अन्ति’ आणि ‘होन’ मिळून ‘अन्थ होन’. त आणि ह मिळून थ हे कानाला कळायला देवनागरी वाचणाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जुनी वही

‘बद्दल’ या शब्दाकडे कोणी बघितले का? आपण आज ‘त्याच्याबद्दल बोललो’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ ‘विषयी’. पण हा शब्द अरबी ‘बदल’मधून आला, आणि बदल म्हणजे अदलाबदलच. ‘केलेल्या चुकीबद्दल दंड’, ‘कामाबद्दल मजुरी’, ‘मदतीबद्दल आभार’: या तिन्हींत एका पारड्यात एक आणि दुसऱ्या पारड्यात दुसरे असा तराजू अजून शिल्लक आहे. ‘डोळ्याबद्दल डोळा’ करणाऱ्यांनी हा जुना अर्थच वापरला. आज एखादे शाळकरी पोर ते वाचते तेव्हा त्याला वाटते, डोळ्याविषयी काहीतरी सांगताहेत.

‘ऐवजी’चे तर आणखी गोड आहे. अरबी ‘इवज’ म्हणजे मोबदला, भरपाई. त्यातून मराठीत ‘ऐवज’ आला, किमती चीजवस्तू. चोरीच्या बातमीत ‘लाखाचा ऐवज लंपास’ असतो तोच. आणि त्याच ऐवजाला ‘ई’ लागून ‘ऐवजी’. म्हणजे ‘माशाऐवजी साप’ म्हणताना आपण नकळत ‘माशाचा मोबदला म्हणून साप’ म्हणतो. ‘अन्ति’ जसा समोरून निघून बदल्यापर्यंत गेला, तसे आपले शब्द बदल्यापासून निघून ‘विषयी’पर्यंत पोहोचले.

मला वाटते मराठीत एका शब्दाने भागणार नाही. माणसाच्या जागी माणूस असेल तिथे ‘जागी’, वस्तूच्या बदल्यात वस्तू तिथे ‘बदल्यात’, नको ते टाळून हवे ते घेतले तिथे ‘ऐवजी’. भाषांतर करणाऱ्याला दर वेळी ठरवावे लागते, ग्रीक लेखकाला ठरवावे लागत नव्हते.

वसईचा वारा

आमच्याकडे या शब्दावरून खरोखर वाद झालेला आहे, म्हणून लिहितो.

पहिले करिंथकरांस ११:१५. पौल म्हणतो, स्त्रीचे लांब केस हा तिचा गौरव, कारण केस तिला ‘अन्ति पेरिबोलाइऊ’ दिले आहेत. ‘पेरिबोलाइओन’ म्हणजे अंगाभोवती घ्यायचे वस्त्र, पांघरूण. एका बैठकीत एकाने ठामपणे सांगितले, ‘अन्ति म्हणजे ऐवजी. केस आच्छादनाऐवजी दिलेत. मग प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर घ्यायची गरजच नाही.’ माझी आई आयुष्यभर पदर घेऊन प्रार्थना करत आली. ती त्या दिवशी गप्प बसली, आणि ते मला लागले.

पदर घ्यावा की न घ्यावा हे ज्याने त्याने ठरवावे. पण त्या वचनातून तसा अर्थ निघतो का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

रानजाई

दादा, माझ्या मते निघत नाही. त्याच अध्यायात सहाव्या वचनात पौल म्हणतो, स्त्री आच्छादन घेत नसेल तर तिने केसही कापून टाकावेत. केस हेच आच्छादनाऐवजी असते तर हे वाक्य अर्थहीन होते. इथे ‘अन्ति’ समतोलाचा आहे: केस हे पांघरुणाच्या तोडीचे, पांघरूण म्हणून दिलेले. तराजूची दोन पारडी समान आहेत एवढेच तो सांगतो. एक पारडे काढून टाका असे म्हणत नाही.

समतोलाचा हा अर्थ जुना आहे. होमरच्या काव्यांत ‘अन्तिथेओस’ हे विशेषण वीरांना लावलेले असते. त्याचा अर्थ देवाचा शत्रू नव्हे, देवासारखा, देवाच्या बरोबरीचा. समोर उभे राहण्याइतका मोठा.

आईंना माझा नमस्कार सांगा.

प्रश्नार्थक

मी पूर्ण अनभिज्ञ, तरी विचारतो. मग ‘अँटीख्रिस्त’मधला ‘अँटी’ कोणता? आपण तर ‘अँटी’ म्हणजे ‘विरोधी’ असेच धरतो. अँटीबायोटिक, अँटीव्हायरस.

तळ्याकाठी

चांगला प्रश्न. सुट्या ‘अन्ति’चा अर्थ नव्या करारात कुठेही ‘विरुद्ध’ असा होत नाही. विरोध येतो तो जोडशब्दांत. ‘अन्तिदिकोस’ म्हणजे कोर्टातला प्रतिपक्षी, ‘अन्तिलेगो’ म्हणजे उलटून बोलणे. आपल्या ‘प्रति’चेही तसेच आहे ना? प्रतिनिधीत तो जागा घेतो, प्रतिकारात विरोध करतो, प्रतिबिंबात सारखेपणा दाखवतो.

‘अन्तिख्रिस्तोस’ हा शब्द संपूर्ण बायबलमध्ये फक्त योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात येतो. लोक तो प्रकटीकरणात शोधतात, तिथे तो नाही. त्या पत्रांत तो ख्रिस्ताला नाकारणारा आहे, म्हणजे विरोधी. मात्र शब्दाच्या घडणीत ‘ख्रिस्ताची जागा बळकावणारा’ हाही अर्थ मावतो. तोतया ख्रिस्ताला शुभवर्तमानांत वेगळा शब्द आहे, ‘प्सेउदोख्रिस्तोस’.

जागा घेण्याचा शुद्ध अर्थ बघायचा तर ‘अन्थ्युपातोस’ घ्या. ‘ह्युपातोस’ म्हणजे रोमचा कॉन्सल, आणि ‘अन्थ्युपातोस’ म्हणजे कॉन्सलच्या जागी प्रांतावर नेमलेला अधिकारी, प्रोकॉन्सल. प्रेषितांची कृत्ये १८:१२ मध्ये गल्लियो अखयाचा असा अधिकारी आहे, आणि करिंथमध्ये पौलाला त्याच्यापुढे उभे केले जाते. डेल्फी इथे सापडलेल्या एका शिलालेखात गल्लियोचे नाव आहे. त्यावरून तो इ. स. ५१-५२च्या सुमारास तिथे होता हे कळते, आणि पौलाच्या प्रवासांची सगळी कालगणना त्या एका खुंटीला टांगलेली आहे.

आणि चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत (लूक १०) याजक आणि लेवी जखमी माणसाला पाहून ‘अन्तिपारेल्थेन’, म्हणजे समोरच्या बाजूने निघून गेले. ‘समोर’ हा जुना अर्थ त्या एका क्रियापदात जिवंत आहे. मधे रस्त्याची रुंदी आहे, आणि तेवढ्या रुंदीत ती सगळी गोष्ट आहे.

पैलतीर

मी श्टुटगार्टला राहते. जर्मनमध्ये उत्तराला ‘आन्टव्होर्ट’ म्हणतात. ‘व्होर्ट’ म्हणजे शब्द, आणि पुढचा ‘आन्ट’ हा याच मुळाचा. शब्दासमोर ठेवलेला शब्द. रोज वापरते आणि आज कळले. वाचते आहे, लिहीत राहा.

तळ्याकाठी

आता अवघड भाग. मार्क १०:४५ आणि मत्तय २०:२८. मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशू, आपला जीव देण्यास आला, ‘ल्युत्रोन अन्ति पोल्लोन’. ‘पोल्लोन’ म्हणजे पुष्कळांच्या. ‘ल्युत्रोन’ म्हणजे युद्धकैद्याला किंवा गुलामाला सोडवण्यासाठी मोजलेली रक्कम. मराठीत ‘खंडणी’ शब्द रूढ झाला. शिवकाळात तो राजकीय कराराचा शब्द होता, आज तो गुन्हेगारीच्या बातमीत गेला. त्यामुळे वाचकाच्या मनात नको ते चित्र उभे राहते. जुनी वही यांचा ‘ऐवज’ मला इथे जास्त जवळचा वाटतो.

हे शब्द ऐकणाऱ्या पहिल्या शतकातल्या माणसाला काय वाटत असेल, त्याचा एक दाखला योसेफस या यहुदी इतिहासकाराकडे आहे. इ. स. पू. ५४ मध्ये रोमन सेनापती क्रास्सस पार्थियावर स्वारीला निघाला तेव्हा यरुशलेमच्या मंदिरावर त्याची नजर गेली. मंदिरातल्या पडद्यांची जबाबदारी असलेल्या एलाझार नावाच्या याजकाने बाकी सारे वाचावे म्हणून त्याला पोकळ लाकडात लपवलेली सोन्याची तुळई दिली. योसेफसचे शब्द आहेत ‘ल्युत्रोन अन्ति पान्तोन’, सगळ्याच्या बदल्यात एक. क्रास्ससने शपथ घेतली, तुळई घेतली, आणि नंतर शपथ मोडून बाकीचेही लुटले. पण शब्दाचा हिशेब स्पष्ट आहे: हे एक घ्या आणि त्या सगळ्याला हात लावू नका.

याच्याही मागे हिब्रू आहे. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी हिब्रू ‘तहत’साठी पुष्कळदा ‘अन्ति’ वापरला. ‘तहत’ म्हणजे मुळात ‘खाली’, आणि मग ‘च्या जागी’. अरबीतला ‘तहत’ त्याचाच भाऊ, ‘मातहत’मध्ये आहे तो. उत्पत्ती २२:१३ मध्ये अब्राहाम आपल्या मुलाच्या ‘तहत’, ग्रीकमध्ये ‘अन्ति इसाक’, मेंढा अर्पण करतो. उत्पत्ती ४४:३३ मध्ये यहूदा योसेफाला विनवतो, या पोराच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवा. तिथेही ‘अन्ति’. ज्यांच्या कानांत ही वचने होती त्यांनी ‘पुष्कळांच्या अन्ति’ ऐकले तेव्हा मेंढा आणि यहूदा दोघेही त्यांना आठवले असणार.

प्रश्नार्थक

मग पैसे दिले कोणाला? खंडणी असेल तर घेणारा हवा.

तळ्याकाठी

हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीने, म्हणजे चर्चने, शतकानुशतके विचारला. ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताने तिसऱ्या शतकात म्हटले, सैतानाला. चौथ्या शतकात नाझियान्झसच्या ग्रेगरीने ते जोरात नाकारले: चोराला मोबदला म्हणून देवाने स्वतःला द्यावे, ही कल्पनाच त्याला सहन झाली नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की हा वाद ‘अन्ति’वर सोडवता येत नाही. ‘अन्ति’ सांगतो कशाच्या बदल्यात काय. कोणाच्या हातात, हे सांगायला ग्रीकमध्ये चतुर्थी आहे, आणि या वाक्यात ती नाही.

जुनी वही

‘अन्ति’ म्हणजे जागी आणि ‘ह्युपेर’ म्हणजे फक्त साठी, असे काटेकोर कुंपण मात्र घालू नये. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या पपायरसांवर करारनामे आहेत. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या वतीने दुसरा सही करतो आणि लिहितो, अमक्याला अक्षरे येत नाहीत म्हणून मी त्याच्या ‘ह्युपेर’ लिहिले. आपल्या जुन्या कागदांवर ‘निशाणी डावा अंगठा’ आणि शेजारी लिहिणाऱ्याचे नाव असते, तोच प्रकार. लिहिणारा त्याच्यासाठी लिहितो आणि त्याच्या जागीही लिहितो. फिलेमोनाला लिहिताना पौल त्याच्या गुलामाबद्दल, अनेसिमाबद्दल, हेच म्हणतो, तुझ्या ‘ह्युपेर’ त्याने माझी सेवा करावी.

युरिपिदीसच्या ‘आल्केस्टिस’ या इ. स. पू. ४३८च्या नाटकात बायको नवऱ्याच्या जागी मरण पत्करते. त्या एकाच मरणासाठी तो कधी ‘अन्ति’ वापरतो, कधी ‘ह्युपेर’, कधी ‘प्रो’. प्रेमाने मरणाऱ्याला ‘साठी’ आणि ‘जागी’ यांत फरक करायचा नसतो, करता येतही नाही.

पहिले तिमथ्य २:६ मध्ये तर दोन्ही एकत्र आहेत: ‘अन्तिल्युत्रोन ह्युपेर पान्तोन’. ऐवज शब्दाच्या आत ‘अन्ति’, माणसांच्या आधी ‘ह्युपेर’.

वसईचा वारा

मत्तय १७मधली माशाच्या तोंडातल्या नाण्याची गोष्ट कोळ्यांच्या पोरांची लाडकी. तिथेही येशू पेत्राला म्हणतो, ते नाणे घे आणि ‘माझ्या व तुझ्याबद्दल’ दे. तो ‘अन्ति’च का?

रानजाई

हो दादा, ‘अन्ति’च. आणि तिथे तो सहज आलेला नाही. मंदिराचा कर माणशी दोन द्राख्मे. माशाच्या तोंडात मिळतो तो ‘स्तातेर’, म्हणजे चार द्राख्मे, बरोबर दोघांचा. हा कर निर्गम ३०मध्ये जिवाचा मोबदला म्हणून सांगितला आहे, आणि तिथल्या ग्रीक भाषांतरात याच ‘ल्युत्रोन’चे अनेकवचन आहे. म्हणून नाणे कराला नव्हे, माणसाला ‘अन्ति’ आहे: एक जीव, एक मोबदला.

आता मूळ प्रश्नाकडे येते. योहान १:१६.

माझा कल आता ‘जागी’कडे आहे. कारण एकच. ‘दुःखावर दुःख’ म्हणायचे तेव्हा पौल फिलिप्पैकरांस २:२७ मध्ये ‘ल्युपेन एपि ल्युपेन’ लिहितो, म्हणजे ‘वर’साठी ‘एपि’. बेन सिराच्या ग्रंथात (२६:१५) सुशील बायकोला ‘खारिस एपि खारिति’ म्हटले आहे, कृपेवर कृपा. म्हणजे हा वाक्प्रचार ग्रीकमध्ये होता, आणि त्यात ‘एपि’ होता. योहानाला तेच म्हणायचे असते तर तो शब्द हाताशी होता. त्याने तो घेतला नाही.

तळ्याकाठी

सहमत. आणि पुढचेच वचन बघा: नियमशास्त्र मोशेच्या द्वारे दिले गेले, कृपा आणि सत्य येशू ख्रिस्ताच्या द्वारे आले. चौथ्या शतकातल्या ख्रिसोस्तोम या ख्रिस्ती धर्मोपदेशकाची मातृभाषाच ग्रीक. त्याने हे असेच वाचले: जुन्या कराराच्या जागी नवा. नियमशास्त्रही कृपाच होते, आता त्या कृपेच्या जागी ही कृपा.

जुनी वही

मी मात्र ‘कृपेवर कृपा’ची बाजू सोडणार नाही. वाक्याची सुरुवात आहे ‘त्याच्या पूर्णतेतून आपण सर्वांनी घेतले’. पूर्णतेतून घेतो तेव्हा आटत नाही, येतच राहते. केवळ दोनच कृपा, एक जुनी आणि एक नवी, असा हिशेब या वाक्याच्या ओघात बसतो का? आलेक्सांद्रियाचा फिलोन हा यहुदी विचारवंत योहानाच्या थोडा आधीचा. तो लिहितो, देव पहिल्या कृपा थांबवतो आणि त्यांच्या ‘अन्ति’ दुसऱ्या देतो, दुसऱ्यांच्या ‘अन्ति’ तिसऱ्या, नेहमी नव्या. शब्द बदलीचा आहे, पण चित्र न संपणाऱ्या ओघाचे आहे. ज्याने पहिल्यांदा ‘वर’ लिहिले त्याने शब्द सोडला असेल, ओघ सोडला नाही.

कौमुदी

जुनी वही यांचे म्हणणे मनाला पटते. नदीच्या पाण्याचे उदाहरण घ्या. घाटावर उभे राहिले तर दर क्षणी गेलेल्या पाण्याच्या जागी दुसरे पाणी येते. जागीही खरे, आणि ओघही खरा. मला इथे ‘प्रति’चाच पुनरुक्तीचा अर्थ आठवतो, ‘प्रतिदिनम्’, दर दिवशी. तो दुसऱ्या सूत्राचा विषय आहे, म्हणून ताणत नाही.

पंडिता रमाबाईंची आठवण येते. केडगावला मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली ते छापून पूर्ण झाले. संस्कृतावर एवढा अधिकार असलेली बाई ग्रीक अव्ययांपुढे बसली तेव्हा ‘प्रति’ तिच्या मनात आलाच असेल, असे मला वाटत राहते.

रानजाई

दोन दिवस इथे आले नाही, कारण आईशी बोलत होते. तिला सगळा धागा वाचून दाखवला. तीळ-उडदाचे उदाहरण ऐकल्यावर ती म्हणाली, ‘शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, तसेच ना? त्यांनी खीर दिली, आपण त्यात मूठभर तरी शेंगदाणे घालून भांडे द्यायचे.’

मी हो म्हणणार होते, पण मग लक्षात आले. वहीतल्या बाकी सगळ्या जागांवर दोन पारड्यांत वेगवेगळ्या वस्तू आहेत, किंवा दोन वेगळे हात आहेत. जेवण आणि वारसा. मासा आणि साप. माझा डोळा, तुझा डोळा. योहानाच्या वाक्यात दोन्ही पारड्यांत एकच वस्तू आहे, आणि दोन्ही एकाच हाताने भरलेली. भांडे आपण रिकामेच परत करतो, आणि ते पुन्हा भरून येते.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मोठ्याने वाचताना मी ‘वर’च वाचीन, तुझ्या आजीने वाचले तसे. पण तू मला तिथे पेन्सिलीने लिहून दे.’

आजीच्या पुस्तकाचे पान पातळ झाले आहे. समासात अगदी हलक्या हाताने लिहिले, ‘एका कृपेच्या जागी दुसरी कृपा’. खाली तारीख घातली.

वसईचा वारा

रानजाई, माझ्या आईलाही काल रात्री तुमचा करिंथकरांवरचा प्रतिसाद वाचून दाखवला. ‘पांघरूण म्हणून’ हे शब्द तिने दोनदा वाचायला लावले. इब्री १२:२चेही तिने विचारले आहे. ‘समोर ठेवलेल्या आनंदा’च्या ‘अन्ति’ येशूने वधस्तंभ सोसला, म्हणजे आनंद मिळावा म्हणून की आनंद सोडून? सवड होईल तेव्हा लिहा.

रानजाई

दादा, तिथे जाणकारही दोन बाजूंना आहेत. ‘मिळावा म्हणून’ची बाजू अशी की त्याच वाक्यात शेवटी तो देवाच्या उजवीकडे बसतो, आणि आधीच्या वचनात ‘समोर ठेवलेली’ शर्यत धावून पूर्ण करायची आहे. ‘सोडून’ची बाजू अशी की चौदा वचने पुढे एसाव त्याच अव्ययाने एका जेवणासाठी आपला वारसा टाकतो. एकाने जेवण घेऊन वारसा सोडला, दुसऱ्याने आनंद सोडून वधस्तंभ घेतला, अशी ती जोडी लेखकाने मुद्दाम समोरासमोर ठेवली असेल का, हे बघायला मी आज पूर्ण अध्याय ग्रीकमध्ये पुन्हा वाचायला घेतला आहे. दहाव्या वचनापर्यंत आले आहे. आईंना सांगा, रविवारपर्यंत लिहिते.